राजेश्वरीचा डावा गाल

देवजींना स्कॅनर घ्यायचा होता, आणि तो घरात येऊ नये म्हणून मालतीबाई मनातल्या मनात देवाला नवस बोलत होत्या. साठ वर्षांचा संसार, सकाळचा चहा अजून एकाच बाकावर बसून व्हायचा, आणि त्याच बाकावर हा नवरा स्कॅनर-स्कॅनर करत होता नि ही बायको खाली मान घालून बशीत फुंकर मारत होती.

तळवलीत देवजींचा फोटो स्टुडिओ होता. होता असंच म्हणायचं, कारण त्या गाळ्यात आता मोबाईलची कव्हरं विकतात. गावची शेतं गेली, शेतांवर इमारती आल्या, मुलानं, केतननं, जुन्या घराच्या जागी चार मजले उभे केले आणि वरचे तीन भाड्यानं दिले. लाकडी कॅमेरा माळ्यावर गेला. निगेटिव्हचं लोखंडी कपाट मात्र देवजींनी स्वतःच्या खोलीत, उशाशी आणून ठेवलं. केतन म्हणाला, "बाबा, तिथं एसी बसवायचाय." देवजी म्हणाले, "मग मना भायेर झोपव."

त्या कपाटात रिळं नव्हती. देवजी चांगला फोटो काढायचा म्हटला की कट फिल्मवर काढायचे. म्हणजे एका फोटोला एक सुटी निगेटिव्ह, चांगली पंज्याएवढी. गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांचे, नवरानवरींचे चेहरे त्या कपाटात पाकिटांमध्ये उभे होते. आणि कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात एकच पाकीट होतं. त्यावर देवजींच्या अक्षरात लिहिलं होतं, राजेश्वरी.

राजेश्वरी ही त्यांची थोरली. जाऊन चौतीस वर्षं झाली. तिचा फोटो भिंतीवर आहे, रोज त्याला हार पडतो, आणि घरात येणारा प्रत्येक जण म्हणतो, काय देखणी होती हो पोर. देखणी होतीच. पण भिंतीवरचा फोटो तिचा नाही, असं देवजींचं म्हणणं होतं. तिच्या डाव्या गालावर, डोळ्याखालून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत, कोडाचा पांढरा डाग होता, वालाच्या शेंगेसारखा लांबट आणि जरा वाकडा. फोटोत तो गाल स्वच्छ आहे.

"मी जायच्या आदी तिचा खरा फोटो भिंतीवर लागला पायजे," देवजी म्हणायचे. "निगेटिव्हमदी हाय ना ती. जशी होती तशी हाय."

मालतीबाई यावर चहाचे कप उचलून आत जायच्या. कारण निगेटिव्हमध्ये ती नव्हती, आणि हे जिवंत माणसांपैकी फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

स्टुडिओच्या दिवसांत फोटो काढायचे देवजी, पण ते माणसात आणायच्या मालतीबाई. पनवेलच्या एका म्हाताऱ्या मास्तरांकडे बसून त्या रिटचिंग शिकल्या होत्या. तिरप्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची, मागून उजेड सोडायचा, आणि सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलीनं देवीचे वण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कपाळावरच्या आठ्या अलगद भरून काढायच्या. निगेटिव्हवर सगळं उलटं, काळं ते फिकं दिसतं, म्हणून पेन्सिलीनं भरलं की डाग जातो. नको वाटलं तर टर्पेंटाइनच्या बोळ्यानं पेन्सिल पुसून टाकता येते. पण चेहऱ्यावरचा पांढरा डाग निगेटिव्हवर काळा साचलेला असतो. तो घालवायचा तर पात्यानं खरवडावा लागतो. आणि खरवडलेलं परत येत नाही.

म्हणून देवजींचा नियम होता. निगेटिव्हला पातं लावायचं नाही. डाग असेल तर कागदावरच्या प्रिंटमध्ये ब्रशनं शाई भर, पण निगेटिव्ह आहे तशी राहिली पाहिजे. माणूस तिथं राहतो, म्हणायचे. बाकी बाबतीत बेफिकीर होते, जेवणात मीठ नसलं तरी कळायचं नाही, पण या बाबतीत सोवळं पाळायचे.

राजेश्वरीला विसावं लागलं तेव्हा तिचा दाखवायचा फोटो काढला. चार ठिकाणी पाठवायचा होता. मालतीबाईंनी पहिल्या प्रिंटवर ब्रश फिरवला, पण प्रिंट उजेडात तिरपी धरली की शाई भरलेली जागा मळकट दिसायची. आईचा जीव, दुसरं काय. कोपरखैरण्याच्या एका लग्नाला देवजी दिवसभर गेले होते, तेव्हा मालतीबाईंनी दुपारी दार लोटून घेतलं, पातं परजलं, आणि लेकीचा डाग निगेटिव्हवरून खरवडून काढला. तीन तास लागले. इतकं सफाईचं काम त्यांनी आधी कधी केलं नव्हतं आणि पुढेही केलं नाही. मग डार्करूममध्ये जाऊन स्वतःच चार प्रिंट काढल्या आणि निगेटिव्ह पाकिटात घालून ठेवली. देवजींना वाटलं, बायकोनं ब्रशनं कमाल केली.

पाहुणे फोटो घेऊन आले. मुलाच्या आत्यानं चहा प्यायल्यावर फोटो पिशवीतून काढला, उठून राजेश्वरीजवळ गेली आणि तिच्या गालाशी फोटो धरून, बाजारात रंग जुळवून बघावा तसं बघितलं. मग तो चहाच्या बशीशेजारी ठेवून दिला. पाहुणे गेल्यावर राजेश्वरी तो फोटो हातात घेऊन आईसमोर येऊन उभी राहिली.

"आय, ही कोन?" तिनं विचारलं.

त्यानंतर ती कॅमेऱ्यासमोर बसली नाही. फोटोवाल्याची पोर, दिवसभर स्टुडिओत बसून लोकांचे पासपोर्ट फोटो कापायची, पण स्वतःचा एक काढू द्यायची नाही. देवजींनी चिडून निगेटिव्हचं पाकीट डब्यात टाकलं आणि झाकण लावलं. चार वर्षांनी तिला कावीळ झाली आणि तीन आठवड्यांत ती गेली. हार घालायला फोटो हवा, म्हणून घरात उरलेली एक प्रिंट होती तीच मोठ्या चौकटीत बसवली. जो फोटो तिला नको होता तोच मालतीबाई चौतीस वर्षं रोज पुसत आल्या.

आजारपणातल्या शेवटच्या दिवसांत देवजी तिच्या पायाशी बसून म्हणाले होते, "तू घोर करू नको गो. तुजा खरा फोटो माज्याकडं डब्यात हाय. बरी झालीस का तुला काडून देतो." राजेश्वरीनं आईकडे बघितलं होतं आणि म्हणाली होती, "हां बाबा."

तर असा तो स्कॅनर. पुढे रंगीत फोटो आले, डार्करूम मोडली, आणि त्या निगेटिव्हची प्रिंट काढायचं राहून गेलं. किंवा देवजींचं डबा उघडायचं धाडस झालं नाही. उघडलं तेव्हा डोळे गेले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही बारीक काही दिसेना. पाकिटातली निगेटिव्ह खिडकीशी धरून ते तासन्‌तास बघायचे आणि म्हणायचे, मोठं करून बघितलं पाहिजे.

केतननं आधी मोबाईलनं काम भागवायचं बघितलं. निगेटिव्ह खिडकीच्या काचेला धरली, फोटो काढला, उलटा करून वडिलांपुढे धरला. बहीण बऱ्यापैकी दिसत होती. मागे खिडकीचे गजही दिसत होते.

"डाग कुटं हाय?" देवजी म्हणाले.

"नाय दिसत."

"कसा दिसंल? तुमचा मोबाईल सगल्यांची तोंडं गुलगुलीत करतो. परवा माजा फोटो काडलास त्यात मी चालीस वर्सांचा दिसतो."

आता हे काही अगदी खोटं नव्हतं. केतन हसला आणि म्हणाला, बरं, स्कॅनर घेऊ. गावातले लोकही आज्यापणज्यांचे फोटो मागायला येतात, कपाटभर निगेटिव्ह आहेत, तुमचाही वेळ जाईल. त्यानं ऑफिसातला एक कागदपत्रांचा स्कॅनर घरी आणला. त्यावर राजेश्वरी नुसती काळी ठिक्कर आली. देवजींनी त्याची यथेच्छ हजेरी घेतली. निगेटिव्हला मागून उजेड लागतो, हा खालून उजेड सोडतो, एवढं तुला कळू नये, फोटोवाल्याचा पोर ना तू? मालतीबाईंनी मात्र त्या दिवशी गोडाचा शिरा केला. का केला ते कोणी विचारलं नाही.

मग नेरूळचा अभय सापडला. स्टेशनजवळ त्याचं जुने फोटो आणि कागद स्कॅन करून देण्याचं दुकान होतं, आणि तो वापरलेली मशिनंही विकायचा. देवजींनी फोनवरच त्याला सांगितलं, मशीन घेईन ते माझ्या निगेटिव्हवर बघून घेईन. निगेटिव्ह मी घेऊन येणार आणि मीच परत नेणार. अभय म्हणाला, या की काका, टेन्शन नका घेऊ.

रविवारी सकाळी तिघं गाडीनं नेरूळला गेले. मालतीबाईंना कोणी यायला सांगितलं नव्हतं. त्या आपण होऊन लुगडं बदलून गाडीत बसल्या. डबा देवजींच्या मांडीवर होता. रस्ताभर त्यांनी त्यावरचा हात उचलला नाही.

अभयनं आधी लहान मशीन दाखवलं. त्याच्या झाकणात दिवा होता, पण चार बोटं रुंदीची पट्टीच काय ती उजळायची. "हा रीळवाल्यांसाठी चांगला आहे काका. तुमची मोठी आहे, दोन वेळा करून जोडावी लागेल." त्यानं निगेटिव्ह अर्धी अर्धी करून स्कॅन केली आणि स्क्रीनवर जोडली. जोड नेमका डाव्या गालावरून गेला. चेहरा आला, मऊ, जरासा धुरकट. भिंतीवर आहे तसाच.

देवजी खुर्ची ओढून स्क्रीनला नाक लावून बसले. "डाग नाय."

"जोडात गेला असेल बाबा," केतन म्हणाला.

"जोडातच गेला. आक्खी येनारी मशीन दाखव."

मालतीबाईंना वाटलं, आता सांगून टाकावं. इथंच, या परक्या पोरासमोर. तोंड उघडलंही, पण शब्द आले ते भलतेच. "अवो, ऱ्हावू द्या ना. लई झाला आता. हीच चांगली हाय."

"तू गप बस गो जरा."

मोठं मशीन आतल्या टेबलावर होतं. त्याचं अख्खं झाकणच दिव्याचं होतं. अभयनं हातमोजे घालून निगेटिव्ह काचेवर ठेवली, बारीकपणाचा आकडा शेवटपर्यंत नेला आणि म्हणाला, वेळ लागेल, चहा सांगतो. चहा आला तो तसाच निवला. मशीन आतून कुरकुरत होतं. मालतीबाई त्या आवाजाकडे कान देऊन उभ्या होत्या. डॉक्टर आतून बाहेर येण्याची वाट बघत त्या अशाच उभ्या होत्या एकदा.

चित्र आलं. स्क्रीनभर राजेश्वरी. पापण्यांचे केस मोजता यावेत, कानातल्या कुड्यांचे मोती वेगळे दिसावेत, एवढं स्वच्छ. अभयनं डावा गाल मोठा केला.

गालावर डाग नव्हता. गालावर रेघा होत्या. शेकडो, केसासारख्या, एकीला एक लागून, सगळ्या एकाच बाजूला कललेल्या. पात्यानं ओढलेल्या.

"ओरखडे पडलेत काका," अभय म्हणाला. "जुन्या फिल्मला होतं असं. मी सॉफ्टवेअरनं एका मिनिटात घालवून देतो."

देवजींनी त्या रेघा बघितल्या. त्या हाताची पेन्सिल त्यांनी वीस वर्षं बघितली होती. उजवीकडून डावीकडे, जराशी खाली उतरणारी, उचलताना टोकाला हलकी होणारी. गावात तसा हात दुसऱ्या कोणाचा नव्हता. मांडीवरच्या डब्यावरचा हात त्यांनी उचलला. मालतीबाईंना कळलं की त्यांना कळलं. त्या भिंतीला टेकल्या.

मग देवजी अभयकडे वळून म्हणाले, "ही नको. ती आदीची दे. तिच्यात बरी दिसते."

केतन चक्रावला. "बाबा, मघाशी तुम्हीच म्हणालात. ही बघा किती क्लिअर आहे. ओरखडे काय, तो घालवेल ना."

"मना नको म्हनलो ना. म्हाताऱ्याला कशाला पायजे एवडा बारीक. ती लहान दे." बोलताना त्यांनी बायकोकडे बघितलं नाही. मुलासमोर आणि दुकानदारासमोर त्यांनी तिला झाकलं होतं. जाडंभरडं मशीन घ्यायचं, त्यात रेघा दिसणार नाहीत, भिंतीवर पुन्हा तोच गुळगुळीत गाल लावायचा, आणि खऱ्या फोटोचं नाव पुन्हा काढायचं नाही. चौतीस वर्षं धरून ठेवलेली गोष्ट त्या माणसानं एका वाक्यात सोडून दिली होती, आणि हे मालतीबाईंना सहन झालं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्या पुढे आल्या. स्क्रीनजवळ गेल्या, इतक्या जवळ की अभय उठून बाजूला झाला.

"ही मोटीच घ्या," त्या म्हणाल्या.

"मालते—"

"मीच खरवडलाय तो. केतन, तुज्या बहिनीचा डाग मी खरवडला. ओरखडे नाय पडले, मी पाडलेत." मग त्यांनी बोट उचललं आणि काचेवर रेघांच्या कडेनं फिरवलं. डोळ्याखालून सुरू झालं, गालावर रुंद झालं, आत वळलं, निमुळतं होत ओठांच्या कोपऱ्याशी थांबलं. वाकड्या शेंगेसारखं. "बगा. डागाच्या भायेर एक रेग नाय. मास्तरांनी तसंच शिकवलेलं, कडेच्या भायेर जायाचं नाय. जेवडा डाग तेवडंच खरवडलंय मी. इथं होता. एवडाच होता."

केतननं बहिणीचा डाग लहानपणी रोज बघितला होता. तो त्या आकाराकडे बघत राहिला आणि मग दुकानाबाहेर निघून गेला.

"काकी," अभय हळूच म्हणाला, "मग हे... घालवू नको ना?"

"हात लावू नको," मालतीबाई म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू फुटलं. परक्या दुकानात, परक्या मुलासमोर, तोंडाला पदर न लावता त्या रडल्या.

मोठं मशीन गाडीच्या डिकीत घालून आणलं. घरी आल्यावर देवजी जेवले नाहीत. दुपारी बाकावर येऊन बसले, तेव्हा मालतीबाईही येऊन बसल्या.

"मी तिला मरताना सांगितला," देवजी म्हणाले. "तुजा फोटो डब्यात हाय म्हून. तू तितंच हुभी होतीस. ती तसंच समजून गेली गो. मी पोरीशी खोटं बोललो."

"नाय," मालतीबाई म्हणाल्या. "तिला ठावं होतं."

देवजींनी मान वळवली.

"पाहुनं येऊन गेलं, त्याच आठवड्यात तिनी डबा उगडून निगेटिव्ह उजेडाला धरली. स्टुडिओत वाडलेली पोर, तिला कळल्याबिगर ऱ्हाईल? माज्याजवल आली. मना वाटला आता मारंल मना. मारली नाय. म्हनली, आय, बाबांना सांगू नको. त्यांना वाटतंय तवर तरी मी हाय तितं."

समोरच्या इमारतीत कोणीतरी गादी झटकत होतं. देवजींनी हात पुढे करून बायकोचा हात घेतला, उजवा, आणि तो मांडीवर ठेवून दिला. माफ केलं की काय, ते सांगता येत नाही. त्या दिवशी त्यांनी तो हात सोडला नाही, एवढंच.

नवा फोटो पंधरा दिवसांनी भिंतीवर लागला. गावातलं कोणी आलं की थबकतं, आणि फोटोला ओरखडे पडलेत का, असं विचारतं. मालतीबाई आता हार थोडा आखूड करून घेतात. पूर्वीचा हार चौकटीवरून फोटोवर खाली उतरायचा आणि डावा गाल झाकायचा.